समुपदेशकाचं बोलणं कोण तपासतं?

शनिवार-रविवारची कार्यशाळा उरकली की सोमवारी शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेच्या खोलीवर ‘समुपदेशक’ अशी पाटी लागते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. नेमलेल्या व्यक्तीला बाल-किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण असावं, हेही निर्देशांत स्पष्ट आहे. पण प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांची व्याख्यानं, हा सोयीचा अर्थ रूढ होतो आहे आणि तो मुलांच्या जिवाशी खेळणारा आहे.

हा अर्थ जुनाच आहे. १९०८ मध्ये बॉस्टनला फ्रँक पार्सन्सने व्यवसाय-मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, तेव्हा मुलाची कुवत ओळखायची, व्यवसायांची माहिती द्यायची आणि दोन्हींचा मेळ घालायचा, असं कामाचं स्वरूप होतं. पुढे मुदलियार आणि कोठारी या शिक्षण आयोगांनी आपल्याकडे मार्गदर्शनाची शिफारस केली, शाळांत ‘करिअर मास्टर’ आले. सगळा भर माहितीवर. माहिती शिकवता येते, तिची लेखी परीक्षाही घेता येते.

दरम्यान अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स पुढे आले. त्यांच्याबद्दल कार्यशाळांत एकच गोष्ट सांगतात: सल्ला देऊ नका, फक्त ऐका. त्यामुळे मान डोलावणं आणि समोरच्याचंच वाक्य परत म्हणणं, एवढंच प्रशिक्षणार्थींच्या हाती लागतं. रॉजर्सनी घडवलेला खरा बदल निराळा होता. ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांच्या गटाने समुपदेशनाच्या बैठकी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी ‘हर्बर्ट ब्रायन’ या टोपणनावाच्या तरुणाच्या आठ बैठकी शब्दशः छापल्या आणि समुपदेशकाच्या वाक्यांवर टिपा दिल्या, कुठे चुकलं तेही दाखवलं. तोवर बैठकीत काय घडलं ते समुपदेशक आठवून सांगत असे, आणि आठवण आपल्याच बाजूने झुकते. आता त्याचं बोलणं दुसऱ्याला तपासता येऊ लागलं.

एखादा मुलगा म्हणतो, “सर, मला सायन्स नाही जमणार.” उत्तर येतं, “जमेल रे, मन लाव.” प्रेमाने दिलेलं हे उत्तर लेखी परीक्षेत कधी पकडलं जात नाही. पण तिथे मुलाचं बोलणं थांबलं. घरी कुणाचा धाक आहे, भीती नापास होण्याची आहे की आणखी कसली, हे विचारायचं राहिलं. अनुभवी माणसासोबत बसून तो संवाद पुन्हा पाहिला, तरच समुपदेशकाला कळतं की धीर देण्याची घाई त्याच्या स्वतःच्या अस्वस्थतेतून आली होती.

ध्वनिमुद्रणाला मुलाची आणि पालकांची संमती लागते, गोपनीयता सांभाळावी लागते. शाळेत ते अनेकदा शक्यही नसतं. पण नाव न घेता लिहिलेल्या नोंदी, आपसांत करून पाहिलेले संवाद आणि ज्येष्ठ समुपदेशकासोबत ठरलेली नियमित बैठक एवढं कुठल्याही तालुक्यात जमू शकतं. त्यासाठी संस्थेने वेळ आणि मानधन द्यायला हवं.

पुढच्या पालकसभेत प्रमाणपत्र जरूर पाहा. पण त्याआधी विचारा: आमच्या मुलांशी बोलणाऱ्या या बाई आपल्या कामाबद्दल कुणाशी बोलतात, आणि किती दिवसांनी?