देव जेव्हा बाळंतपण करायला आला

आठवा-नववा महिना लागला की शरीर जड होते. पाठ दुखते, रात्री चार वेळा उठावे लागते. बाळ झाले की दर दोन-तीन तासांनी पाजायचे असते. अशा वेळी अनेक भगिनी म्हणतात, "साधना सुटली. डोळे मिटले की झोपच लागते." आणि मनाला अपराधी वाटत राहते.

एक कथा ऐका. कावेरीकाठच्या तिरुचिरापल्लीत टेकडीवर शिवाचे मंदिर आहे. देवाचे नाव तायुमानवर, म्हणजे जो आईही झाला तो. रत्नावती नावाची शिवभक्त गरोदर होती. तिची आई बाळंतपणाला यायला निघाली, पण कावेरीला पूर आला आणि ती पलीकडच्या काठावर अडकली. रत्नावतीने शिवाला हाक मारली. देव तिच्या आईचे रूप घेऊन आला. त्याने बाळंतपण केले, तिची शुश्रूषा केली. पूर ओसरल्यावर खरी आई दारात उभी राहिली, तेव्हा उलगडा झाला.

पहा, या कथेत देव पूजा मागत नाही. तो सेवा करतो.

आज बेंगळुरूच्या नळाला तीच कावेरी येते. नोकरीसाठी इथे आलेल्या कितीतरी मराठी घरांत माहेर एका रात्रीच्या प्रवासाइतके लांब असते. मग तिथे आई कोण होणार? पती, सासू, सासरे, शेजारच्या साधक ताई. रात्री बाळाला तासभर फिरवणे, गरम जेवण हातात देणे, पाहुण्यांना थोडे थांबवणे ही सेवाच आहे. आपल्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीमागे हीच समज होती.

थकव्याचे कारणही पहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी कार्यक्रमात लोहाची गोळी गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस सांगितली आहे. बाळाच्या गडबडीत ही दुसरी गोळी विसरली जाते. ती चहाबरोबर घेऊ नका. धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, बाळ झोपले तरी झोप येईना, तर ती श्रद्धेची उणीव समजू नका. तो आजार आहे आणि तो बरा होतो. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मदत मागणे म्हणजे रत्नावतीसारखी हाक मारणेच आहे.

आणि ताई, तुमच्यासाठी एवढेच: कुशीवर पडून दहा सावकाश श्वास घ्या. झोप लागली तर लागू द्या. आसन तुमची वाट पाहील.