बावखल कोणी बुजवले?



गेल्या महिन्यात घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही आपल्या धर्मग्रामातील एका वाडीत गेलो होतो. निघताना घरातील आजोबा आम्हाला अंगणाच्या टोकापर्यंत घेऊन गेले. तिथे पत्र्याची शेड होती, दोन मोटारसायकली होत्या आणि विटांचा ढीग होता. आजोबा म्हणाले, "फादर, इथं आमचं बावखल होतं. पणजोबांनी खणलेलं. लहानपणी रहाट हाकायला मी असायचो. आणि बुजवलं तेही मीच." थोडे थांबून त्यांनी विचारले, "हे पाप आहे का? कन्फेशनमध्ये सांगायचं का?"

त्या क्षणी आम्हाला उत्तर सुचले नाही. त्यांच्या परवानगीनेच हा प्रसंग येथे लिहीत आहोत, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

माणूस निसर्गाचा नाश करीत आहे का? शाळेच्या निबंधस्पर्धेत हा विषय नेहमी असतो आणि उत्तरही ठरलेले असते. त्या उत्तराला पुरावाही आहे. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंचाने २०१९ साली सांगितले की, सुमारे दहा लाख जातींचे प्राणी व वनस्पती नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत. तेव्हा उत्तर 'होय' असेच आहे.

परंतु ह्या उत्तराने कोणाचीही झोप उडत नाही. 'माणूस' हा शब्द फार सोयीचा आहे. प्रवचनात धर्मगुरू लोभाविषयी बोलू लागले की प्रत्येकाला आपला शेजारी आठवतो, तसेच येथेही होते. 'माणूस' म्हणजे कोणीतरी दुसरा. म्हणून हा प्रश्न आपण बावखलाच्या काठावर नेऊन विचारू या.

आपल्या लहान मुलांपैकी अनेकांनी भरलेले बावखल पाहिलेले नाही. वाडीच्या सखल भागात खणलेले हे गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, रहाटाने ते केळीला, पानवेलीला, भाजीला मिळे. पण त्याचे खरे काम डोळ्यांना दिसत नसे. ते पाणी हळूहळू जमिनीत मुरे आणि विहिरी गोड राखी. वसईच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणा. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते. किनाऱ्यावरच्या भूजलाचा एक साधा हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर त्याच्या भाराने खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी टिकून राहते. जमिनीच्या जातीप्रमाणे आकडा बदलतो, नियम बदलत नाही. वरचे फूटभर पाणी उपसले आणि ते पुन्हा भरले नाही, तर खालून खारे पाणी चढू लागते. बावखल ते फूटभर पाणी भरून देत असे.

मग बावखले बुजवली कोणी? प्रथम विजेचा पंप आला आणि रहाट थांबला. रहाटाला बैल दमण्याची मर्यादा होती, पंपाला ती नव्हती. टँकर भरू लागले. पुढे नळ आला. वापर थांबल्यावर बावखलात कचरा आला, डास आले. मुलाचे लग्न ठरले, खोली वाढवायची होती, भरणीची माती फुकट मिळत होती. कोणाच्या घरी दुखणे होते, म्हणून वाडीचा तुकडा विकला गेला. ह्या कारणांत दुष्ट म्हणावे असे फारसे काही नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले, लोकल थांबल्या, वीज गेली, तेव्हा मात्र आम्हा सर्वांना प्रश्न पडला की एवढे पाणी आले कोठून. पाणी दरवर्षीच येत होते. त्याची बसायची जागा आपण काढून घेतली होती.

जोनाथन ग्लोव्हर ह्या तत्त्वज्ञाने १९७५ साली एक गोष्ट मांडली होती. एका गावात शंभर माणसे जेवायला बसली आहेत, प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर दाणे. शंभर दरोडेखोर येतात आणि प्रत्येक जण एकाचा वाडगा पळवतो. नंतर त्यांना लाज वाटते. पुढच्या वेळी प्रत्येक दरोडेखोर प्रत्येक वाडग्यातून फक्त एक दाणा उचलतो. आता प्रत्येक जण म्हणू शकतो, "मी कोणालाही उपाशी ठेवले नाही, एका दाण्याने काय होते?" पण शंभर वाडगे तर पूर्वीसारखेच रिकामे झाले!

बावखलांचे असेच झाले. "माझ्या एका बावखलाने काय होणार?" हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी खरे होते, आणि सर्वांचे मिळून खोटे ठरले. लहान वाटा म्हणजे शून्य वाटा नव्हे.

तरीही सर्वांचा वाटा सारखा नाही. दवाखान्याच्या बिलासाठी तुकडा विकणारा आणि रात्रीतून ट्रकच्या ट्रक भरणी करून नफा कमावणारा, ह्यांना एका मापाने मोजणे अन्याय होईल. ख्रिस्तसभेची नैतिक शिकवण गंभीर पापासाठी तीन गोष्टी पाहते : विषय गंभीर असावा, त्याची पूर्ण जाणीव असावी आणि संमती मनापासूनची असावी. आजोबांनी माती टाकली तेव्हा जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब त्यांना कोणी सांगितला नव्हता. त्यांना सूट आहे. पण ही सूट वारशाने मिळत नाही. आज आपल्याला माहीत आहे. आज जो बावखल बुजवतो, जो ओढ्यात डेब्रिज टाकतो, त्याला 'ठाऊक नव्हते' असे म्हणता येणार नाही.

काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. ते म्हणतात, माणूस ही पृथ्वीला लागलेली कीड आहे. आम्हाला हे पटत नाही. बावखल निसर्गाने दिले नव्हते, ते माणसाने कुदळीने खणले होते. तरी त्यात मासे आले, बेडूक आले, काठावर खंड्या येऊन बसला. माणसाच्या हाताने सृष्टी समृद्धही होते. इकडे राहायला आलेले नवे रहिवासीही शत्रू नव्हेत. मुंबईत घर परवडले नाही म्हणून ते आले. त्यांनाही त्याच जमिनीतले पाणी हवे आहे.

लिन व्हाइट ह्या इतिहासकाराने १९६७ मध्ये ख्रिस्ती लोकांवर आरोप केला की, सृष्टीवर सत्ता गाजवण्याचा परवाना आम्ही बायबलमधून काढला. आरोप झोंबतो, कारण आपण ते पान अर्धेच वाचले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव आदामाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. तेथे 'राखण' ह्या अर्थाचा जो हिब्रू शब्द आहे, तोच चौथ्या अध्यायात काइनाच्या तोंडी येतो. भावाचा राखणदार मी आहे काय, असे तो देवाला उलट विचारतो. बागेची राखण आणि भावाची राखण, शब्द एकच. विहीर मचूळ झाली की हे समजते. ज्याच्याकडे पैसा आहे तो बाटली विकत घेतो. ज्याच्याकडे नाही, त्याची लेकरे तेच पाणी पितात. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे केले नाही, ते ह्याचसाठी. आपल्या वसईत तर त्याच्या कितीतरी आधी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि 'हरित वसई'चे कार्यकर्ते हेच सांगत रस्त्यावर उतरले होते.

आता आमची कबुली. चर्चच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवण्याच्या निर्णयावर सही आमची होती. चिखल नको, सणाला शोभा यावी, एवढाच हेतू. आज आवारातले पावसाचे पाणी सरळ रस्त्यावर जाते आणि चर्चच्या विहिरीला थेंबही मिळत नाही. इतरांना उपदेश करण्याआधी हे सांगणे आमचे कर्तव्य होते. पावसाळ्यापूर्वी विहिरीभोवतालचे ब्लॉक काढून तिथे शोषखड्डा करण्याचे आणि छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडण्याचे पॅरिश कौन्सिलने मान्य केले आहे. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर युवकांची बैठक आहे. धर्मग्रामात किती बावखले उरली आहेत आणि किती साफ करता येतील, ह्याची यादी करायची आहे. ज्येष्ठांनी अवश्य यावे. कोठे काय होते, हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

त्या आजोबांकडे आम्ही पुन्हा गेलो. म्हणालो, "आजोबा, मन हलके करायला कन्फेशनला जरूर या. पण प्रायश्चित्त आताच सांगतो. नातवाला हाताला धरून दाखवा, बावखल कुठून कुठपर्यंत होतं ते." आजोबा हसले आणि म्हणाले, "फादर, शेडच्या मागं अजून थोडी जागा आहे. खणायला माणसं द्याल का?"

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आता आजोबांनी आपणा सर्वांना विचारला आहे.

आपले,
प्रमुख धर्मगुरू