दीर्घायुष्याचा अपराध

वृद्धांना मान द्यावा, असें सर्वच समाज शिकवितात. पण तो मान प्रेमावर उभारलेला आहे कीं भयावर, हें घरांत मृत्यू आला म्हणजे कळतें. नायजेरियांत बेन्यू नदीच्या खोऱ्यांत राहणाऱ्या तिव लोकांच्या चालीरीति पाहतां ही गोष्ट आम्हांस विशेष स्पष्ट दिसते.

कांहीं माणसांच्या हृदयावर 'त्साव' नांवाचा पदार्थ वाढतो व त्यामुळें त्यांना अलौकिक सामर्थ्य येतें, अशी या लोकांची जुनी समजूत आहे. वडीलधाऱ्यांचा अधिकार याच सामर्थ्यावर अधिष्ठित. आणि रात्रीं जमून स्वकीयांचे प्राण घेणारे म्हणून ज्यांची धास्ती, त्या 'म्बात्सावां'चें बळही हेंच. अर्थात् ज्याच्यापुढें वाकावें, त्याच्याच विषयीं शंका बाळगावी, असा हा विलक्षण योग आहे. मृत्यू केवळ रोगानें येतो, हें मन मानीत नाहीं. म्हणून अंत्यविधीसाठीं जमलेले आप्त 'कसा मेला?' यापेक्षां 'कोणी मारला?' हेंच विचारीत. पूर्वीं तर प्रेताची छाती उघडून हृदयावर त्साव आहे कीं नाहीं, हें पाहण्याचीही चाल होती. १९२९ सालच्या 'हाकाआ' व १९३९ सालच्या 'न्याम्बुआ' या चळवळींत हाच संशय उघड लोकक्षोभाचें रूप घेऊन उठला.

या रीतीचा कैवार घेणारा म्हणेल कीं, अशा संशयाच्या धाकानें बलाढ्य पुढारी मर्यादेंत राहतात. या म्हणण्यांत तथ्यांश आहे. परंतु ज्या आरोपास पुरावा लागत नाहीं, त्याला उत्तरही देतां येत नाहीं. नातू गेला आणि आजा राहिला, एवढेंच आज्याच्या विरुद्ध पुरेसें होतें. त्याचें जगणें हीच त्याच्यावरील साक्ष ठरते. मग मारहाणीला आणि बहिष्काराला न्यायाचें नांव मिळतें.

तरी केवळ 'अज्ञान' म्हणून ही गोष्ट निकालांत काढणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ताप कशानें आला, हें वैद्य सांगूं शकतो. तो आपल्याच मुलाला कां आला, हें त्यालाही सांगतां येत नाहीं. त्या रित्या जागीं कोणाला तरी बसविल्यावांचून दुःखाला चैन पडत नाहीं. हें दुःख क्षम्य आहे. परंतु त्याचें ओझें घरांतील सर्वांत थकलेल्या खांद्यांवर टाकणें क्षम्य नाहीं. सामर्थ्याला दिलेला मान सामर्थ्याबरोबरच ओसरतो, व मागें उरतें तें भय. म्हणून मान द्यावयाचा तो वृद्धाच्या माणूसपणाला द्यावा. आणि ज्या मरणाचें कारण कळत नाहीं, तें न कळलेलें राहूं देण्याचें धैर्य शोक करणारांनीं अंगीं आणावें.