फुटक्या डग्ग्यावर थाप

काच खाली कर आणि तो आवाज बंद कर आधी. रेल्वे फाटकापासून ऐकतोय मी. खर्ज कुठंच नाही, नंबरप्लेटीचा खडखडाट तेवढा पोहोचला. त्यावर उपाय म्हणून दुप्पट वॅटचा अँप बसवून आलास? काऊन रे? वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. फळ्यावर मांडून दाखवलं होतं मी, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास.

डिक्की उघड. या डब्याला हात लाव. कोपऱ्यातला सांधा फाकलाय, तार आत गेली ते भोक तसंच उघडं. वूफरचा कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. दोन्हींची गाठ पडली की खर्ज संपला. ती गाठ पडू नये म्हणून तर हा डबा! तुझा आजा झाडीपट्टीच्या नाटकांत रात्ररात्र तबल्यावर बसायचा. डग्ग्याचं भांडं चिरलं असतं, तर त्यानं नुसती थाप वाढवली असती का? त्याच्या घरातला पोरगा तू, आणि वर्षभर फुटक्या भांड्यावर थापा मारतो आहेस. गाणं लावून सांध्यापाशी उदबत्ती धर. धूर थरथरला तिथं गळती. डिंक आणि लाकडाचा भुसा कालवून भर, मग स्क्रू आवळ.

आता तारा बघ. दाराचे स्पीकर हवा पुढे ढकलत असताना वूफर मागे ओढत असेल, तर वॅट ओतून काय होणार? वूफरची प्लस-मायनस उलट करायची, ड्रायव्हरच्या सीटवर बसून तेच गाणं ऐकायचं, भरदार वाटेल ती जोडणी ठेवायची. पाच मिनिटांचं काम, पण तुला दुकानात पैसे मोजणं सोपं वाटलं. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, तुझी गाडी चारेक मीटर. म्हणजे खर्जाला अख्ख्या गाडीतली हवा एकदम दाबावी लागते, आणि तू मागच्या सीटनं त्याची वाट अडवून बसलास. सीट थोडी पाडून बघ. डब्याचं तोंड डिक्कीच्या दाराकडे फिरवून बघ. आणि गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. शेवटपर्यंत पिळलास की लाटेचे माथे कापले जातात, वूफरची कॉइल तापते. जळका वास येतोय तो त्याचाच.

ही लाल तार बॅटरीपासून आली ना? मग बॅटरीपाशी फ्यूज कुठंय? डिक्कीतला फ्यूज काय कामाचा? वाटेत पत्र्याला घासून तार उघडी पडली, तर बॅटरीचा सगळा करंट तिथंच उतरेल. मागच्या सीटवर तुझी लहान बहीण बसते. दुकानदारानं लावला नाही म्हणतोस. तू विचारलंस का? बॅटरीपासून वीत-दोन वीत अंतरात फ्यूज लागेपर्यंत ही तार काढून ठेव. आत्ता, माझ्यासमोर.

दवाखान्यासमोरून हा खडखडाट नेतोस तेही मला माहीत आहे. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, २००० सालापासूनचा नियम आहे. आणि घोडाझरीच्या रस्त्यावर, जंगलालगत, रात्री हे लावलेलं पुन्हा कानावर आलं तर किल्ली माझ्याकडे राहील.

पाना आण. मी बॅटरी धरतो.