दैव पाचवे

हुबळीच्या दुर्गदबैलात आज बाजाराच्या गर्दीतून वाट काढावी लागते, पण नाव अजून मोकळ्या जागेचेच आहे. मराठी कानाला त्यात बैल ऐकू येतो. कन्नडमध्ये मात्र ‘बैलु’ किंवा ‘बयलु’ म्हणजे उघडे मैदान, आणि ‘दुर्गद’ म्हणजे किल्ल्याचे. कन्नड वचनकार संतांनी हाच शब्द तत्त्वचिंतनात नेला. जिथे कसलाच आडोसा उरत नाही, त्या अंतिम पोकळीला त्यांनी बयलु म्हटले. तंबूची सर्कस उभी राहते ती अशाच उघड्यावर. कापडाचे छत, त्याखाली शेकडो प्रेक्षक आणि वर झुल्यावर लोंबकळणारी माणसे. अशा वेळी वादळी पाऊस आला आणि तंबू कोसळला, तर ‘दैवात होते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे म्हणण्याचा अधिकार माणसाला नेमका केव्हा मिळतो, हा खरा धार्मिक प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की दैव खोटे नाही, पण त्याचा क्रम शेवटचा आहे.

हा क्रम माझ्या पदरचा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. ही यादी तंबूला लावून पाहावी. अधिष्ठान म्हणजे जमीन. हुबळीच्या पूर्वेकडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. कोरड्या दिवशी घट्ट बसलेली मेख एका सरीनंतर सैल होते. करणे म्हणजे दोर, खांब, कापड. ताग-सुतासारख्या धाग्यांचे दोर पाण्याने आखडतात आणि मेखा ओढू लागतात. म्हणून पाऊस येण्याआधी ते सैल सोडायचे आणि वाळल्यावर पुन्हा ताणायचे असतात. छताच्या खोलगट भागात पाणी साचले की कापड वजनाने फाटते, आणि कनातीखालून वारा आत शिरला की अख्खा तंबू उचलला जातो. वेळीच पाणी उतरवणे, कनात बांधणे, खेळ थांबवणे ही चेष्टा. हे सारे ठरवणारा तो कर्ता. जूनचा पाऊस पंचांग पाहून टाळता येतो. एप्रिल-मेमधला दुपारचा वळीव तसा टाळता येत नाही. दैवाचा खरा प्रांत एवढाच: चारही गोष्टी नीट करूनही जे हाती राहत नाही ते.

या क्रमाची उलटापालट किती महाग पडते, याचा दाखला अमेरिकेतल्या हार्टफर्डचा आहे. 6 जुलै 1944 रोजी तिथे सर्कशीचा तंबू पेटला आणि 160हून अधिक माणसे गेली. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून त्या कापडावर पेट्रोलमध्ये पातळ केलेले मेण चढवले होते. पावसापासून वाचवणारा उपायच आगीचे खाद्य झाला. बंगळुरूत 7 फेब्रुवारी 1981 रोजी सर्कशीच्या तंबूला लागलेल्या आगीत 90हून अधिक बळी गेले. त्यांत बहुतेक मुले होती. अशा मृत्यूंना ‘काळ आला होता’ म्हणणे हे सांत्वन म्हणून समजण्यासारखे आहे. पण कारण म्हणून तेच सांगितले, की पुढच्या गावी तोच तंबू तसाच उभा राहतो.

यावर श्रद्धावान माणूस म्हणेल की ईश्वराच्या इच्छेशिवाय पानही हलत नाही. त्याला पाचव्या जागी बसवणारे आपण कोण? याचे उत्तर कृष्णाकाठीच आहे. भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाड संस्थानाच्या आश्रयातले. त्याच कुरुंदवाडच्या शेजारी नृसिंहवाडी आहे. पूर आला की कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. भाविक त्या पाण्याला हात जोडून दक्षिणद्वार सोहळ्याचे स्नान करतात. आणि पाणी चढू लागले की तिथलेच पुजारी उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. पुराला प्रसाद मानणारी श्रद्धाही मूर्ती पाण्यात सोडून बसत नाही. तिथे भक्ती आणि दक्षता यांचे भांडण नाही. ते आपल्या बोलण्यात आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: मग दैव हवेच कशाला? मेख, दोर आणि कर्ता एवढ्यावर हिशेब मिटतो की! मिटत नाही. पाचवे कारण खोडले, तर प्रत्येक अपघाताला कोणीतरी दोषी शोधावाच लागतो, आणि तो नेहमी सर्वांत खालचा सापडतो: मेख ठोकणारा, झुल्यावरून निसटलेला. मुक्कामाची जागा आणि खेळाची वेळ मालक ठरवतो, तंबूत झोपतो कामगार. कर्ता एक नसतो. ज्याच्या हाती निवड जास्त, त्याला दैवाची सबब कमी मिळावी. आणि दैवाची हद्द कायमची आखलेलीही नसते. गरिबाच्या लेकराने रिंगणात कसरती करणे हे कित्येक वर्षे त्याचे नशीबच समजले गेले. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामावर ठेवायला मनाई केली, तेव्हा पाचव्या रकान्यातली एक बाब उचलून दुसऱ्या, म्हणजे कर्त्याच्या रकान्यात लिहिली गेली. पूर्वजन्मीचे कर्म सांगून अशा गोष्टी पाचव्यातच कोंबून ठेवणे हा धर्म नव्हे, धर्माच्या नावाने केलेली हिशेबातली लबाडी आहे.

म्हणून दैव मानणाऱ्याने ते शेवटी मानावे. तंबू पडल्यावर आधी जमीन, माणूस, साधन आणि कष्ट या चारांचा जबाब घ्यावा. तो प्रामाणिकपणे देऊनही जे उरेल, त्यापुढे हात जोडायला कोणाची हरकत नाही.