नुसतं नाव पुरे

सी-प्लस-प्लसच्या फायलीत मी एक हेडर जोडतो. ते आपला गोतावळा घेऊन येतं. मग त्यातली एक ओळ बदलली की शेकडो फायली पुन्हा कंपाइल. जानेवारी २०२२मध्ये कर्नलचे एक विकासक इंगो मोल्नार यांनी लिनक्स कर्नलच्या हेडरांचा गुंता सोडवणारे २,२००हून अधिक बदल मांडले. त्यांच्या मोजणीत बिल्ड ५० ते ८० टक्के वेगवान झाला.

अशा छाटणीला अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणं, म्हणायचं का? जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रह वस्तूत नाही, आसक्तीत आहे. त्या कसोटीवर नुसती छाटणी म्हणजे झाडलोट. आसक्ती असते ती ‘लागलं तर असू दे’ या धास्तीत. पॉइंटरपुरता क्लास हवा असेल, तर फॉरवर्ड डिक्लरेशन, म्हणजे नुसतं नाव, पुरतं. तेव्हा पुढचं हेडर जोडताना स्वतःला विचारा: ही गरज की भीती?