मागच्या चाकांचा दीड अंश

चारचाकी वळते ती पुढच्या चाकांनी, मागची चाकं बिचारी मागोमाग येतात, अशी आपली समजूत असते. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. पण 1980 च्या दशकात काही जपानी कंपन्यांनी मागच्या चाकांनाही वळायला लावलं. निसानने 1985 साली स्कायलाइनमध्ये तशी यंत्रणा बसवली, होंडाने 1987 साली प्रेल्यूडमध्ये. त्याच सुमारास मित्सुबिशीने ती गॅलंटमध्ये आणली आणि 1990 साली आपल्या जीटीओ या स्पोर्ट्स कारला दिली. अमेरिकेत ही गाडी 3000जीटी व्हीआर-फोर या नावाने विकली गेली. त्यातलीच एक, 1993 ची, माझ्याकडे आहे. मी राहतो मिशिगनमध्ये. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तेच मीठ गाडीचं पोट खातं. मागच्या स्टिअरिंगचे पाइप गंजून पाझरायला लागले, तेव्हा यंदाच्या थंडीत ती सगळी यंत्रणा उतरवली आणि नव्याने उभी केली. कामावर जाण्याआधीचा सकाळचा वेळ मी त्यासाठी राखून ठेवला होता. हातात पाना असला की मन आपोआप एका जागी येतं, आणि विचारही त्याच वस्तूभोवती फिरत राहतात. हे त्यातलेच काही.

या यंत्रणेत संगणक नाही. आहे ते फक्त तेल, दाब आणि स्प्रिंगा. मागच्या डिफरन्शियलला एक छोटा पंप जोडलेला आहे. चाकं फिरली की तो फिरतो, चाकं थांबली की तोही थांबतो. म्हणजे गाडी किती वेगात आहे हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. दुसरीकडे पुढच्या पॉवर स्टिअरिंगमधून दोन पाइप मागे येतात, एक डाव्या बाजूचा दाब घेऊन, एक उजव्या. स्टिअरिंग वळवलं की एका पाइपमधला दाब वाढतो, मागची झडप त्या बाजूला सरकते आणि मागच्या पंपाचं तेल सिलिंडरच्या एका कप्प्यात सोडते. सिलिंडरचा दांडा हलतो, आणि मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने वळतात. साधारण ताशी 50 किलोमीटरच्या पुढे हे काम सुरू होतं. वळण्याची मर्यादा दीड अंश.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की स्टिअरिंग किती फिरलं हे मागच्या चाकांना कळतच नाही. त्यांना कळतं ते पुढच्या चाकांना किती जोर लावावा लागतोय एवढंच. पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवा, पुढचा दाब भरपूर वाढतो, पण मागचा पंप थांबलेला असतो, म्हणून मागची चाकं जागची हलत नाहीत. वेगात सरळ जात राहा, मागचा पंप जोरात फिरतो, पण पुढून दाब येत नाही, म्हणून तेव्हाही ती स्वस्थ. दोन्ही गोष्टी जुळल्या तरच ती वळतात, आणि जुळतील तेवढीच. एकही तार नाही, एकही सेन्सर नाही. ज्यांनी हे कागदावर आखलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

होंडाची वाट वेगळी होती. प्रेल्यूडमध्ये पुढच्या स्टिअरिंगपासून मागे थेट एक दांडा जातो आणि मागच्या गिअरबॉक्समधली दातेरी चाकं अशी रचली आहेत की स्टिअरिंग थोडं वळवलं तर मागची चाकं पुढच्यांच्या दिशेने वळतात, आणि खूप वळवलं तर परत फिरून उलट दिशेने, पाच अंशांच्या थोडं पुढे. वेगात असताना कोणी स्टिअरिंग गरागरा फिरवत नाही आणि अवघड जागी फिरवल्यावाचून भागत नाही, या माणसाच्या सवयीवर ती अख्खी रचना उभी आहे. उलट वळण्याचा फायदा साताऱ्याकडच्या लोकांना समजावून सांगायला नको. पवनचक्कीचं लांबलचक पातं घाटातून चढवताना ट्रेलरची मागची चाकंही वळवावी लागतात, नाहीतर वळणावर तो अडकून बसेल. तेच इथे लहान प्रमाणावर.

मित्सुबिशीचा दीड अंश मात्र कुठे अडकू नये म्हणून नाही. तो स्थैर्यासाठी आहे. वेगात लेन बदलताना साध्या गाडीत आधी पुढची चाकं बाजूला खेचतात, गाडीचं अंग तिरकं होतं, आणि मग कुठे मागच्या टायरना जमिनीला धरून बाजूचा जोर लावता येतो. त्या मधल्या क्षणात शेपूट झुलते. मागची चाकं त्याच वेळी त्याच दिशेने जराशी वळली तर तो उशीरच उरत नाही. दीड अंश म्हणजे किती? या गाडीच्या टायरची पुढची कड जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर सरकते. पण ताशी 100 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. दीड अंश तिरकी गेली तर तेवढ्या वेळात ती पाऊण मीटरच्या आसपास बाजूला पोचते. डोळ्यांना जेमतेम जाणवणारी हालचाल वेगाने गुणली की एवढी मोठी होते.

तरीही या गाड्या बाळगणाऱ्यांचा सर्रास सल्ला असतो, काढून टाका. पाइप बंद करा, सिलिंडरच्या जागी एक घट्ट दांडा बसवा, वजन कमी, कटकट कमी. निसानच्या गाड्यांसाठी तर असे दांडे तयारच मिळतात. या सल्ल्याला मी सरसकट चूक म्हणणार नाही. शर्यतीत गाडी आडवी घसरवत नेणाऱ्याला मागची चाकं आपल्या मनाने वळलेली चालत नाहीत, त्याला ती खिळलेलीच हवीत. सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत हेही खरं. पण ज्याची गाडी रस्त्यावरच चालायची आहे, त्यानेही पहिल्या थेंबाबरोबर तो दांडा मागवावा, हे मला पटत नाही. काढून टाकायला ती वस्तू काय करते हे समजून घ्यावं लागत नाही. दुरुस्त करायला मात्र आधी तेच समजून घ्यावं लागतं. मला ते समजून घ्यायचं होतं.

बाकावर सिलिंडर ठेवला तेव्हा त्याच्या एका टोकाचा रबरी बूट फाटलेला दिसला. आत ओलावा, आणि तांबूस चिखलासारखं काहीतरी. बूट सोलून काढला, दांडा पुसला, आणि त्यावर अंगठ्याचं नख फिरवलं. एके ठिकाणी नख अडकलं. मोहरीच्या दाण्याहून बारीक खड्डा, गंजाने खाल्लेला. नवं ऑइल सील आणून बसवणं सोपं आहे, पण दांडा प्रत्येक वेळी त्या सीलच्या ओठावरून सरकताना असा खड्डा ते ओरबाडत राहतो, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गळती. म्हणून दांडा बदलावाच लागला. एका मोडीत निघालेल्या गाडीतून दुसरा सिलिंडर मिळवला, त्याचा दांडा आरशासारखा होता, आणि त्याला नवी सीलं घातली. पुढून मागे येणारे लांब पाइप तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे करून घेतले, त्यांना मीठ सहजी खात नाही. जोडांवरच्या तांब्याच्या वॉशर जुन्या पुन्हा वापरल्या नाहीत. एकदा दाबल्या गेल्या की त्या दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. वॉशर नखाएवढी असते, पण तिच्यापायी सगळं तेल जमिनीवर येतं.

खरी परीक्षा पाइपांमधली हवा काढताना. पंप मागच्या डिफरन्शियलवर असल्यामुळे तो फिरवायचा तर चाकं फिरायला हवीत, आणि ही गाडी चारही चाकांनी चालणारी. म्हणून ओळखीच्या गॅरेजमधली लिफ्ट मागून घेतली आणि गाडी अधांतरी उचलली. बायको आत बसली, गिअर टाकला, काटा 50 च्या आसपास नेऊन स्थिर धरला. मी खाली, फिरत्या चाकांपासून दूर, टॉर्च घेऊन. तिने स्टिअरिंग टोकापर्यंत नेऊन धरायचं, मी हवा काढायचं निपल सैल करायचं. नळीतून आधी फेस आला, ताकासारखा पांढुरका, मग बुडबुडे, मग स्वच्छ तांबडं तेल. निपल आवळलं आणि वर हाक दिली, आता सावकाश फिरव. उजेडात मागची चाकं वळवणाऱ्या टाय रॉडकडे पाहत होतो. तो सरकला. हलकासा, पण ठाम, आणि तिने स्टिअरिंग सोडल्यावर स्प्रिंगेच्या जोराने पुन्हा मध्यावर आला. ती वरून विचारत होती, "झालं का रे?" मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला.

त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. मागची चाकं मध्यावर आहेत याची खात्री केल्याशिवाय ते करण्यात अर्थ नसतो, आणि हे न कळणाऱ्या माणसाच्या हाती ही गाडी देऊ नये.

रस्त्यावर काय फरक पडला? सांगण्यासारखा चमत्कार नाही. लेन बदलताना गाडी आता वाकडी न होता अंगासकट शेजारी सरकल्यासारखी वाटते, आणि पावसात तो फरक जास्त जाणवतो. एवढंच, आणि एवढ्याचसाठी ती यंत्रणा होती.

मध्यंतरी ही कल्पना मागे पडली होती. आता ती परत आली आहे. पोर्शने 2013 साली 911 जीटी-थ्रीला मागचं स्टिअरिंग दिलं, तेही जास्तीत जास्त दीड अंशाचं. मर्सिडीजच्या 2020 च्या एस-क्लासमध्ये ते 10 अंशांपर्यंत जातं. आज ते काम विजेवर चालणाऱ्या मोटर आणि संगणक करतात, आणि चांगलं करतात. पण नुसत्या तेलाच्या दाबावर तेच काम करून दाखवणाऱ्या गाड्या आता नव्याने बनणार नाहीत. ज्या आहेत त्याच.

म्हणून ज्यांच्याकडे अशी एखादी जुनी गाडी असेल त्यांना एकच विनंती. थंडी सुरू होण्याआधी तिच्या पोटाखाली एकदा टॉर्च मारून पाइप बघा, मागच्या सिलिंडरचे बूट हाताने चाचपून बघा. गळती दिसली तर लहान असतानाच ती थांबवा. आणि काढून टाकायचंच ठरवलं, तर निघालेला सिलिंडर भंगारात घालू नका, तेल पुसून कोरड्या जागी ठेवा. तो शोधत असलेलं कोणीतरी नक्की असतं.